इंजिन बांधावे की बदलावे? एका कापडवाल्याचा हिशेब

मी कापडवाला माणूस. शहापुरात दुकान आहे आणि मुरबाड, सरळगाव, किन्हवली, डोळखांब या बाजूच्या आठवडी बाजारांना टेम्पोत माल भरून फिरण्यात उमेदीची तीस वर्षे गेली. शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे लिहिण्यात काही चूकभूल झाली तर वाचक बंधूंनी सांभाळून घ्यावी. इंजिन हा माझा विषय नव्हे. पण इंजिनाने माझे जेवढे पैसे खाल्ले तेवढे उधारीच्या गिऱ्हाइकांनीही बुडवले नसतील, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा हक्क मला पोचतो असे समजतो.

निमित्त झाले एका फोनचे. रत्नागिरीच्या राजिवड्यात माझा एक जुना वर्गबंधू राहतो. उर्दू हायस्कुलात आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी गज हातात घेतला आणि त्याने बापाची होडी. मे महिन्याच्या अखेरीस त्याचा फोन आला. १ जूनपासून मासेमारीबंदी लागणार होती, होडी वर ओढायची होती आणि होडीच्या मागे लावायचे त्याचे आउटबोर्ड इंजिन दमले होते. अकरा वर्षे चाललेले, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. सुरू व्हायला दहा-दहा वेळा दोरी ओढावी लागत होती आणि भरतीच्या पाण्याविरुद्ध होडी पुढे सरकत नव्हती. कारागीर म्हणत होता, "बांधून देतो." दुकानदार म्हणत होता, "नवे घ्या, हे फेका." मित्राने मला विचारले, "तू सांग बाबा, बांधू की बदलू?"

मी म्हटले, "अरे, मला समुद्रातले काय कळते? मी धरणाच्या गावचा." त्यावर तो म्हणाला, "समुद्राचे मला कळते. तू हिशेबाचे सांग."

हाच प्रश्न आपल्या भागात रोज कोणापुढे तरी उभा असतो. कोणाचा टेम्पो, कोणाची रिक्षा, कोणाचा शेतातला डिझेल पंप, भिवंडीत कोणाचा माग. हत्यार झिजले की माणूस दोन लोकांच्या हाती सापडतो. एकाला दुरुस्तीचे पैसे मिळवायचे असतात, दुसऱ्याला नवा माल विकायचा असतो. दोघेही खोटे बोलतात असे नाही, पण दोघेही आपापल्या दुकानातून बोलतात. मालकाने आपल्या दुकानातून विचार करायचा असतो आणि नेमके तेच राहून जाते.

माझी चूक

आधी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढचा सल्ला फुकटचा वाटणार नाही.

सन २००३ च्या पावसाळ्यात माझा डिझेल टेम्पो निळा धूर मारू लागला. आठवड्याला लिटरभर ऑइल पिऊ लागला. चढावर दम धरेना. एका कारागिराकडे गेलो. त्याचे नाव घेत नाही, कारण चूक त्याच्याइतकीच माझी होती. त्याने सांगितले, पूर्ण इंजिन खोलले तर इतके पैसे, नुसत्या रिंगा टाकल्या तर त्याच्या चौथा हिस्सा. दिवाळीचा माल भरायचा होता. मी चौथ्या हिश्शावर खूश झालो. सिलिंडर अंडाकृती झिजला होता, त्याला बोअर न मारता नव्या रिंगा बसवल्या. गोल रिंग वाकड्या भोकात किती दिवस बसणार? दोन महिने गाडी चांगली चालली. तिसऱ्या महिन्यात धूर परत आला. मी डोळेझाक केली.

जानेवारी २००४ मध्ये म्हसा यात्रा आली. मुरबाड तालुक्यातली पौष पौर्णिमेची ही यात्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. थंडीचे दिवस असल्याने घोंगड्या, चादरी, ब्लँकेट यांचाही तिथे मोठा उठाव असतो. माझ्यासारख्या फिरत्या कापडवाल्याची वर्षातली मोठी कमाई त्या दिवसांत व्हायची. आदल्या रात्री माल भरून निघालो आणि मुरबाडच्या अलीकडे इंजिन जाम झाले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड दिवस गेला. पोचलो तेव्हा मोक्याची जागा गेली होती आणि पहिल्या दिवसाचे गिऱ्हाईकही. उरलेला माल उन्हाळ्यात पडून राहिला. त्यात पैसे अडकले म्हणून लग्नसराईचा माल उधारीवर घ्यावा लागला.

नंतर पूर्ण इंजिन बांधलेच. बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंड, नवी बेअरिंगे, हेडचे काम, डिझेल पंप व नोझलची तपासणी. जे पैसे ऑगस्टमध्ये वाचवले ते फेब्रुवारीत दिलेच, वर यात्रा गेली. पण हेही कबूल करतो की त्या पुऱ्या बांधलेल्या इंजिनाने पुढे बारा वर्षे साथ दिली. २०१६ मध्ये ते परत दमले तेव्हा मात्र मी ते बांधले नाही. क्रँक आणखी घासायला जागा उरली नव्हती आणि टेम्पोची चासी गंजली होती. गाडी विकली, दुसरी घेतली.

तात्पर्य, मी बांधणीच्या विरुद्ध नाही आणि नव्याच्याही विरुद्ध नाही. मी विरुद्ध आहे तो अर्धवट कामाच्या. अर्धे बांधलेले इंजिन हे सर्वांत महाग इंजिन होय.

आधी मोजा, मग बोला

मित्राला मी पहिले सांगितले की कोणाचेही मत ऐकण्याआधी इंजिन मोजून घे. डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, मग इंजिनाला का द्यावे?

पहिले माप कॉम्प्रेशनचे. स्पार्क प्लग काढून त्या जागी प्रेशरचा गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. सर्व आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे रोग आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचे. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहे. चढला नाही तर हवा दुसरीकडून, म्हणजे हेड गॅसकेट किंवा फोर-स्ट्रोक असल्यास व्हॉल्व्हमधून जाते आहे. डिझेल इंजिनाचा दाब पेट्रोलपेक्षा फार जास्त असतो, त्याला वेगळा गेज लागतो. पेट्रोलचा गेज डिझेलला लावणारा कारागीर दिसला तर तिथून गाडी परत आणावी.

धुरावरून निदान करणारे बरेच असतात. चार-स्ट्रोक गाडीत निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही, तेव्हा एअर फिल्टर, पंप, नोझल पाहावे. काळ्या धुराच्या गाडीचे इंजिन खोलून ठेवलेले मी पाहिले आहे, दोष निघाला नोझलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल पेट्रोलातच मिसळलेले असते, तिथे निळसर धूर नेहमीचाच. त्यावरून इंजिन मेले असे ठरवणे म्हणजे विडी ओढणाऱ्याच्या तोंडातला धूर पाहून त्याला आग लागली म्हणण्यासारखे आहे.

आउटबोर्डला आणखी दोन तपासण्या लागतात. एक, खालच्या गिअरचे ऑइल. ते दुधासारखे पांढरट निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे. वेळीच सील बदलले तर थोडक्यात भागते, दुर्लक्ष केले तर गिअर आणि बेअरिंगे गंजतात. दुसरे, थंड करणारे पाणी. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ती जोरात हवी. ती मंदावली तर रबरी इम्पेलर झिजला आहे किंवा क्षाराने पाण्याच्या वाटा बुजल्या आहेत. धार मंद असताना चालवलेले इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडर खरवडला जातो. म्हणूनच खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवावे असे जाणते होडीवाले सांगतात. दहा मिनिटांचे काम, पण दमलेल्या माणसाला तेवढेही जड जाते.

कमी चालले म्हणजे इंजिन शाबूत, हाही एक गैरसमज आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती. हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफ आणि नौदलाची माणसे मदतीला आली, होड्यांतून लोकांना बाहेर काढले आणि सर्व सुखरूप निघाले. अशा कामाचे इंजिन वर्षातले अकरा महिने उभे असते आणि एका दिवशी पहिल्या दोरीला सुरू व्हावे लागते. उभ्या इंजिनात जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसते, रबर कडक होते, रिंगा जागच्या जागी धरतात. कपाटात घडी करून ठेवलेले कापडही घडीवर विरतेच, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही.

मित्राच्या इंजिनाचा अहवाल चार दिवसांनी आला. एका सिलिंडरचा आकडा दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. ऑइल टाकल्यावर वर चढला, म्हणजे रिंगा व बोअर. इथवर बांधणीचे काम होते. पण हेड उघडताना क्षाराने धरलेले दोन बोल्ट तुटले आणि आत पाण्याच्या वाटेजवळ धातू खाऱ्या पाण्याने खाल्लेला निघाला. बोअर मारून किंवा लायनर टाकून झीज भरता येते. क्षाराने खाल्लेला धातू परत येत नाही. जुन्या झब्ब्याची बाही उसवली तर शिवता येते, कापडच विरले तर सुई कुठे घालणार?

हिशेबाची चार खाती

लोक हिशेब करतात तो असा: बांधायला ४५ हजार, नवे १ लाख ८० हजार, म्हणून बांधणी स्वस्त. हा हिशेब नव्हे, ही किमतीची पाटी आहे. खरा हिशेब चार खात्यांत मांडावा लागतो. खालचे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

पहिले खाते, वर्षाला पडणारी किंमत. समजा बांधलेले इंजिन रोजच्या वापरात ३ वर्षे चालेल, तर ४५ हजारांचे वर्षाला १५ हजार. नव्याचे १ लाख ८० हजार, त्यातून जुन्याचे २० हजार आले, राहिले १ लाख ६० हजार. ते १० वर्षे चालले तर वर्षाला १६ हजार. म्हणजे पाटीवर चौपट दिसणारी किंमत वर्षावर आणली की जवळजवळ सारखी निघाली.

दुसरे खाते, बुडालेले दिवस. बांधलेले इंजिन वर्षात दहा दिवस घरी बसवेल आणि दिवसाची कमाई २ हजार असेल तर २० हजार गेले. नवे दोन दिवस बसवेल, ४ हजार गेले. हे खाते कोणीच मांडत नाही. माझी म्हसा यात्रा याच खात्यात बुडाली.

तिसरे खाते, इंधन. समजा नवे फोर-स्ट्रोक इंजिन दिवसाला लिटरभर पेट्रोल वाचवते आणि वर्षात १८० दिवस होडी जाते. १०० रुपये लिटर धरले तर १८ हजार. जुने ठेवणारा हे १८ हजार दरवर्षी धुरात सोडतो.

चौथे खाते, अडकलेले भांडवल. नव्याला बांधणीपेक्षा १ लाख १५ हजार जास्त लागतात. तेवढ्याचे कापड भरले असते, जाळी घेतली असती, तर त्यावर नफा मिळाला असता. शंभराला वर्षाकाठी १२ धरला तर १३ हजार ८०० होतात. हे व्याज नव्हे, पैसा धंद्यात फिरला असता तर मिळाला असता तो नफा आहे. पैसा फुकट नसतो, स्वतःचा असला तरी.

आता बेरीज करा. रोज होडी नेणाऱ्याला बांधलेले इंजिन वर्षाला १५, २० आणि १८ असे ५३ हजारांना पडते. नवे १६ हजार, ४ हजार आणि १३ हजार ८०० असे ३३ हजार ८०० ला पडते. त्याने नवे घ्यावे.

पण तेच इंजिन वर्षातून फक्त ४० दिवस वापरणारा घ्या. त्याचे बांधलेले इंजिन समजा ८ वर्षे जाईल, म्हणजे वर्षाला सुमारे ५,६००. बुडालेले दोन दिवस, ४ हजार. इंधनाचा तोटा ४ हजार. एकूण १३,६००. नवे घेतले तर गंज आणि रबर यांमुळे ते न वापरताही जुने होतेच. १५ वर्षे धरली तर वर्षाला १०,७०० आणि अडकलेल्या भांडवलाचे १३,८००, एकूण २४,५००. त्याने खुशाल बांधून घ्यावे.

इंजिन तेच, कारागीर तोच, दर तोच, आणि दोघांचे उत्तर उलट. म्हणून शेजाऱ्याने काय केले हे पाहून ठरवू नये. शेजाऱ्याचे दिवस वेगळे असतात.

भिवंडीतही हेच घडले. केंद्र सरकारची १९९९ ची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना नव्या यंत्रांना मदत करणारी होती. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत मात्र जुन्या साध्या मागाला धागा तुटताच थांबण्याची सोय वगैरे जोडून जागच्या जागी सुधारण्यासाठीही मदत होती. म्हणजे सरकारनेही एकदा बदला म्हटले, एकदा सुधारा म्हटले. ज्याचे कापड साधे आणि नफा पैशांत मोजायचा, त्याला सुधारलेला माग परवडला. ज्याला निर्यातीचे बिनडागी कापड द्यायचे होते, त्याला नवा माग घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एक तिसरा रस्ताही असतो, तो म्हणजे जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवणे. गाड्यांसाठी आपले लोक कुर्ल्याच्या बाजारात जातात. स्वस्त मिळते, पण आतून कोणी पाहिलेले नसते. घ्यायचेच तर कॉम्प्रेशन मोजून आणि बिल घेऊन घ्यावे, आणि नवा इंजिन नंबर आर.टी.ओ.त आर.सी. बुकावर चढवून घ्यावा. तो चढवला नाही तर गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्यात नाक घासावे लागते.

पैसा कोणाचा?

हिशेब नव्याच्या बाजूने निघाला, पण मित्राच्या गाठीला ८० हजारच होते. उरलेले कुठून आणायचे? इथे खरा प्रश्न सुरू झाला.

बँकेचे कर्ज घ्यायला तो व्याजामुळे राजी नव्हता. ज्याचा त्याचा विचार, मी त्यात पडत नाही. सरकारी योजना आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली, तिच्यात वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदत ठेवलेली होती. अशा योजनांची चौकशी मत्स्य खात्याच्या कार्यालयात जरूर करावी. पण मंजुरी हातात पडेपर्यंत ते पैसे हिशेबात धरू नयेत. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घालायची असते, फाइल ऑगस्ट पाहत नाही.

तिसरा मार्ग समोर तयार होता. मासळीचा एक व्यापारी उचल द्यायला राजी होता. व्याज नाही, कागद नाही, तारण नाही. अट एकच, फिटेपर्यंत मासळी त्यालाच घालायची.

हे ऐकले आणि मला माझीच पेढी आठवली. मीही हे केले आहे. शिलाई करणाऱ्या कारागिराला मशीन घ्यायला उचल दिली आणि त्याचे काम स्वतःकडे बांधून घेतले. बाजारात दुसरा कोणी नगामागे जास्त देत होता, पण तो कारागीर माझ्याकडचे काम सोडून जाऊ शकत नव्हता. तेव्हा मला वाटायचे, मी त्याच्यावर उपकार केला, एक पैसा व्याज घेतले नाही. आता वयाने मागे वळून पाहताना वाटते, व्याज नव्हते हे खरे, पण नगामागे जो फरक मी कापला तो तरी काय होता? बांधलेल्या हाताचा भाव नेहमी कमी लागतो. भिवंडीत दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने माग चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

म्हणून मी मित्राला सांगितले, "किलोमागे तो पाच रुपये कमी देईल, तू मोजणार नाहीस, कारण ते खिशातून जाताना दिसणार नाहीत. नवे इंजिन तुझ्या होडीला लागेल, पण सुकाणू त्याच्या हातात जाईल. तसे असेल तर सरळ ४५ हजारांत बांध, दोन वर्षे काढ आणि तोवर पैसे जमव. ते इंजिन स्वस्त म्हणून नव्हे, वेळ विकत घेण्यासाठी."

बांधणीचे हे एक कारण रास्त आहे आणि ते मी कोणाकडून ऐकले नाही, स्वतः शिकलो. कधी कधी माणूस पैसे वाचवण्यासाठी बांधत नाही, मोकळे राहण्यासाठी बांधतो. मात्र तेव्हा त्याला ठाऊक हवे की आपण दोन वर्षे विकत घेतली आहेत, आणि त्या दोन वर्षांत दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला पडली पाहिजे. ती पडली नाही तर दोन वर्षांनी तोच प्रश्न, तोच व्यापारी आणि त्याहून वाईट इंजिन समोर येते.

शेवटी काय झाले

मित्राच्या बाबतीत खाल्लेल्या धातूमुळे बांधणीचा भरवसा कारागीरही देईना. विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "एक हंगाम जाईल, दुसऱ्याचे सांगत नाही." एका हंगामासाठी ४५ हजार हे कुठल्याच खात्यात बसत नव्हते.

मग आम्ही त्याच बाकावरचे तिघे वर्गबंधू एकत्र बसलो. कमी पडणाऱ्या रकमेचे तीन भाग केले. बिनव्याजी कर्ज, दोन साक्षीदार आणि साधा लेखी कागद. फेड हंगामाच्या आठ महिन्यांत, बंदीच्या काळात हप्ता नाही. मासळी कोणाला घालायची ते त्याचे तो ठरवणार. कागद कशाला, असे एकाने म्हटले. मी म्हटले, दोस्ती टिकायची असेल तर कागद हवा. व्यवहार तोंडी ठेवला की दोन वर्षांनी दोघांनाही वेगवेगळे आठवते.

नवे फोर-स्ट्रोक घेण्याआधी त्याने होडीची मागची फळी तपासून मजबूत करून घेतली, कारण फोर-स्ट्रोक त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा वजनाला जास्त भरते. हा खर्चही हिशेबात धरावा लागतो. नव्या इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलावे लागते, टू-स्ट्रोकच्या सवयीचा माणूस ते विसरतो. जुने इंजिन सुट्या भागांसाठी विकले. घेणाऱ्याला तुटलेले बोल्ट आणि खाल्लेला धातू दाखवून विकले, म्हणून २० ऐवजी १४ हजारच आले. सहा हजार कमी आले, पण ऐब लपवून विकलेल्या मालाचा पैसा घरात टिकत नाही, हे आपण व्यापारी मंडळी एकमेकांना सांगतो, तेव्हा वागण्यातही ते दिसले पाहिजे.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली. पहिला हप्ता ऑक्टोबरात आला, ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा. पुढचे वेळेवर आले.

एक सूचना

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आपली संख्या थोडी आहे, पण हत्याराच्या जोरावर पोट भरणारी माणसे त्यात पुष्कळ आहेत. टेम्पोवाले, शिलाईवाले, वेल्डर, गॅरेजवाले, फेरीवाले. लग्नात आणि मयतीत आपण एकमेकांसाठी धावून जातो. पण कोणाचे हत्यार मोडले तर तो एकटाच सावकाराच्या दारात उभा राहतो.

माझे मत असे की प्रत्येक गावच्या मंडळींनी हत्यारांसाठी एक छोटा फंड करावा. मोठी रक्कम नको, दहा-पंधरा जणांनी महिन्याला ठरावीक पैसे टाकावेत. त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, पण तीन अटींवर. एक, इंजिन किंवा यंत्र आधी मोजून त्याचा लेखी अहवाल आणावा. दोन, वर सांगितलेली चार खाती मांडून दाखवावीत. तीन, फेडीची तारीख धंद्याचा हंगाम पाहून ठरवावी. पहिल्या दोन अटींनीच निम्मे चुकीचे निर्णय टळतील, कारण मागणारा कागद भरता भरता स्वतःच उत्तरापाशी पोचेल. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळासारख्या ठिकाणी अर्ज करायचा झाला तरी हाच कागद उपयोगी पडेल.

एसटीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चासी चांगली असेल तर एसटी जुन्या चासीवर नवी बॉडी चढवते, चासी गेली असेल तर गाडी भंगारात काढते. एवढ्या मोठ्या महामंडळाला जो नियम लागू तोच आपल्या एका टेम्पोला आणि एका होडीला लागू. मूळ शाबूत असेल तर बांधा, आणि बांधाल तेव्हा पूर्ण बांधा. मूळच खाल्ले गेले असेल तर प्रेमापोटी पैसे घालू नका. आणि दोन्हींपैकी काहीही करा, पण ज्याला तुमचा माल स्वस्तात हवा आहे त्याच्या पैशाने करू नका.

माझा सध्याचा टेम्पो २०१६ चा. परवा किन्हवलीच्या चढावर त्याने पहिल्यांदा थोडा निळा धूर दाखवला. या वेळी मी दिवाळीची वाट पाहिली नाही. मापे घ्यायला गाडी सोमवारी कल्याणला लावतो आहे.